चार नंबरचा डबा

२३ सप्टेंबर, मंगळवार

सहा! एक नाही, दोन नाही – सहा मिळाले!

कोपऱ्यावरचा फोटोस्टुडिओ बंद होतोय. पहिली पाळी संपवून डेपोतून चालत येत होतो, तर दुकानाबाहेर जुने फ्लॅश रचून ठेवलेले. स्टँडवर उभे राहणारे, मोठे. माझे पाय आपोआप थांबले. फोटोग्राफर म्हणाला, "न्यायचे तर न्या, नाहीतर उद्या कचरागाडी नेईल." मी म्हटलं, आतले कपॅसिटर तेवढे काढून घेतो. "त्यांचं काय करणार?" असं त्याने विचारलं. ह्या प्रश्नाचं धड उत्तर मला तीस वर्षांत सापडलेलं नाही. हसून वेळ मारून नेली.

एकेक म्हणजे वीतभर उंचीचा पत्र्याचा डबा. डोक्यावर दोन स्क्रू. वीज साठवायची आणि सांगाल त्या क्षणी सगळीच्या सगळी सोडून द्यायची, एवढंच त्याचं काम. जपून हाताळला तर गुणी, नाहीतर जिवावर उठणारा.

बायको शिवणाच्या मशीनवरून पिशवीकडे बघत म्हणाली, "हे काय आणखी?"

"डबे."

"घरात डबे कमी होते?"

एवढ्यावर निभावलं. सुंठीवाचून खोकला गेला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज साप्ताहिक सुट्टी. दिवसभर मागच्या खोलीत. लेक लग्न होऊन गेल्यापासून ती खोली माझी – म्हणजे निम्मी माझी, निम्मी शिवायला आलेल्या कपड्यांच्या गाठोड्यांची.

सहाही डबे पुसले, नंबर घातले, एकेक करून रिकामे केले. माझी पद्धत जुनीच – शंभरचा बल्ब दोन स्क्रूंना जोडायचा. बल्ब भक्कन पेटतो, पिवळा होतो, तांबडा होतो, विझतो. मग मीटर लावून खात्री. मग दोन्ही स्क्रूंवर तांब्याची तार घट्ट पिळून टाकायची. ही तार फार महत्त्वाची! रिकामा केलेला मोठा डबा नुसता ठेवला तर तासाभरात थोडी वीज त्याच्यात आपली आपण परत येते. दुसरा नियम – एक हात कायम खिशात. वीज एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर वाटेत छाती लागते. तीस वर्षांत मला एकदाही शॉक बसलेला नाही. डेपोत ह्याची बढाई मारता येत नाही, कारण ऐकणाऱ्याला त्यात विशेष काय ते कळत नाही. म्हणून इथे मारतो.

तीन नंबर ३२० व्होल्टपर्यंत भरून बाजूला ठेवला आहे. आता त्याला हात लावायचा नाही. रोज फक्त मीटर टेकवायचा. किती गळतो ते बघायचं.

जेवताना बायकोला गळतीची गोष्ट सांगत होतो. ती म्हणाली, "तो मोरीतला नळ गळतोय महिनाभर. त्याची वही नाही का घातली?"

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तीन नंबर – ३०८. पहिल्या दिवशी जरा जास्तच गळतात. मग सावरतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार

तीन नंबर, बरोबर सात दिवसांनी – २७६. मग बल्ब लावून रिकामा केला, तार पिळली. उत्तम माल आहे! म्हातारा फोटोग्राफर उपकरणं जिवापाड जपत असणार.

आज बाकीच्यांपैकी चार डब्यांवर कडी उडवून पाहिली. जाड तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्यावर ॲल्युमिनियमची कडी – पडद्याच्या जुन्या नळीचा कापलेला तुकडा. चारही डबे भरायचे आणि लाकडी दांड्याने खटका दाबायचा. फट्! कडी दिसलीच नाही. आवाज आधी आला, मग कडी गाठोड्यांत पडल्याचं कळलं. पुन्हा केलं. फळीपर्यंत गेली. तिसऱ्यांदा छताला टेकून आली आणि पांढरा रंग घेऊन आली.

बायको दारात उभी. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, "पुन्हा करा बघू." केलं. हसली. मग म्हणाली, "ह्याचा उपयोग काय?"

"काही नाही."

"बरं. गाठोड्यांवर चादर टाकत जा."

असा सुखाचा दिवस फार दिवसांनी गेला.

६ ऑक्टोबर, सोमवार

गाडीत आज सत्तावीस उभे. माझ्या कंडक्टरला डेपोत सगळे दवंडी म्हणतात – त्याला एक गोष्ट सांगितली की सहा मार्गांवर पोचते. अकरा वर्षं आम्ही एकाच गाडीवर. त्याला कडीचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत मेकॅनिक विचारायला लागला, "तुम्ही म्हणे घरात तोफ बनवलीय?"

निवृत्तीला अडीच वर्षं राहिली. सत्तावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. हीसुद्धा बढाईच. पण वही माझी आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहिलं नाही. काल पडलो.

सकाळी सातला चार नंबर भरला, ३२०. वहीत आकडा आहे, माझ्याच अक्षरात. तेवढं आठवतं. दहाच्या सुमाराला खोलीत परत गेलो – हे बायको सांगते. मला आठवतं ते थेट जमिनीवरून दिसणारं छत, कडीचे डाग पडलेलं, आणि मग तिचा चेहरा. इतका पांढरा चेहरा मी तिचा पाहिला नव्हता. "काय झालं?" असं मी तीनदा विचारलं म्हणे. ती म्हणाली, "शॉक लागला तुम्हाला."

शर्ट पुढून ओला. चहा. डोक्याला मागे टेंगूळ. शेजारच्याने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. छातीच्या ठोक्यांचा कागद काढला, तो ठीक निघाला. डॉक्टर बोटं उलटीसुलटी करून बघत होते, भाजल्याची खूण सापडली नाही. म्हणाले, "कधीकधी दिसत नाही." संध्याकाळी घरी.

अंगाला काही वाटत नाही. लाज मात्र वाटते. तीस वर्षं! मीटर लावायला म्हणून वाकलो असेन आणि बोट लागलं असेल. नवशिक्यासारखं. लेकीचा फोन आला. "बाबा, आधी ते डबे घराबाहेर काढा." मी हो म्हटलं. काय बोलणार? चुकलो तर चुकलो.

११ ऑक्टोबर, शनिवार

डेपोच्या डॉक्टरकडे. बेशुद्ध पडलेल्या ड्रायव्हरला चाकावर बसू देत नाहीत. नियम आहे, आणि योग्यच आहे. पण कारण बाहेरचं असेल – विजेचा धक्का वगैरे – तर गोष्ट वेगळी. बायको बरोबर होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुम्ही होता तिथे?"

"हो."

"शॉकच ना?"

"हो."

शिक्का – फिट. सोमवारपासून कामावर. म्हणजे डब्याने पाडलं आणि डब्यानेच नोकरी वाचवली म्हणायचं.

येताना बायको रस्ताभर खाली बघून चालत होती. मी म्हटलं, आता तरी हस. ती म्हणाली, "चप्पल चावतेय."

१२ ऑक्टोबर, रविवार

मागच्या खोलीला कुलूप! किल्ली तिच्याकडे. गाठोडी तेवढी काल बाहेर काढून घेतली तिने. मी आत पाऊल टाकायचं नाही. मी म्हटलं, चार नंबरवर तार नाही, आत थोडीफार वीज उरली असेल, निदान तेवढं करू दे. म्हणाली, "कुलपाआड कुणाला चावणार आहे तो?"

१३ ऑक्टोबर, सोमवार

गाडीवर. बरं वाटलं. दवंडीने सगळ्या मार्गांवर बातमी केलेली – डेपोत शिरलो तर दोघातिघांनी लांबूनच हात जोडले, "आधी बॅटरी काढून या!" हसलो. कालव्याच्या पुलावरचा उतार आणि खालचं वळण – दोन्ही हातांना पाठ. चाक हातात आलं की मला डोकं लागत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बायकोने भंगारवाल्याला बोलावलंय. परवा. माझ्या सुट्टीच्या दिवशी! मी म्हटलं, अगं, मी कामावर असताना बोलावलं असतंस तर निदान बघावं लागलं नसतं. म्हणाली, "तुम्ही असलेले बरे." माझ्या डोळ्यांदेखत नेणार. शत्रूसुद्धा एवढं करत नाही.

जेवताना बोललो नाही. तीही बोलली नाही. नळ मात्र बोलत होता.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नीट लिहितो. आकड्यांसकट.

भंगारवाला नऊला आला. माझ्याच वयाचा, कानावर पेन्सिल, खांद्यावर काटा. बाहेरच्या खोलीत बसला. मी बायकोला म्हटलं, "किल्ली दे. तपासल्याशिवाय मी हे कुणाच्या हातात देणार नाही. त्याला काय माहीत आत काय आहे? बिचारा पोत्यात हात घालेल." ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने मुकाट्याने किल्ली दिली आणि दारात उभी राहिली.

एक, दोन, तीन, पाच, सहा – तारा जागच्या जागी. मीटर शून्य. मग चार नंबर. त्याच्यावर तार नाहीच. एक हात खिशात घालून मीटर टेकवला.

२७४.

मला वाटलं मीटर बिघडला. नऊ व्होल्टची बॅटरी मोजली – बरोबर. पुन्हा चार नंबर – २७४. बल्ब जोडला. बल्ब भक्कन पेटला, पहिल्या दिवशी पेटला होता तसा.

सात दिवसांपूर्वी ३२०. तीन नंबर सात दिवसांत २७६ वर आला होता. हा २७४ वर. म्हणजे ह्या सात दिवसांत चार नंबर फक्त गळला. त्याने कुणाला काही दिलेलं नाही. मला चावला असता तर त्या क्षणी रिकामा झाला असता, फार तर थोडं तळाशी उरलं असतं. भरलेला डबा म्हणजे कुणाला न चावलेला डबा. ह्यात वाद नाही.

आणि शर्टावरचा चहा! अख्खा कप सांडलेला. म्हणजे एका हातात कप होता. दुसरा हात, सवयीप्रमाणे, खिशात. मग डब्याला लावायला तिसरा हात मी कुठून आणला?

चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आम्ही सगळे.

मग मी पडलो कशाने? उभा माणूस, हातात चहा, काही न होता खाली कोसळतो – त्याला कारण बाहेरचं नसतं. कारण आतलं असतं.

बायकोने विचारलं, "काय निघालं?"

मी म्हटलं, "काही नाही. मीटर जरा बघायला हवा."

खोटं बोललो. तिने विझलेल्या बल्बकडे एकदा बघितलं. मग बाहेर जाऊन भंगारवाल्याला म्हणाली, "आज राहू द्या. पुन्हा निरोप देते." किल्ली तिने परत मागितली नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काल चार नंबर मुद्दाम तार न लावता सोडला होता. मनात एक आशा – रिकाम्या डब्यात वीज परत येते ना? तशीच आली असेल. चावला असेल, रिकामा झाला असेल, पुन्हा भरला असेल!

आज कामावरून येऊन मोजलं. अकरा व्होल्ट.

अकरा. २७४ नाही. स्वतःला फसवायचं म्हटलं तरी आकड्यांची साथ लागते, ती मिळेना. तार पिळली आणि दार लावून बाहेर आलो.

दोन फेऱ्या चालवल्या आज. काही झालं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सहा फेऱ्या. काही झालं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

काही झालं नाही. हे वाक्य मी रोज लिहायला लागलोय, हे आत्ता ध्यानात आलं.

बायको म्हणाली, "जेवण जात नाही का?" मी म्हटलं, उकाडा आहे. उकाडा नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

सरळ विचार करू.

माझ्या खिशात शिक्का मारलेला कागद आहे – फिट. तो डॉक्टरने दिलाय, मी नाही. डबा भरलेला होता हे जगात मला एकट्याला माहीत. त्याला बल्ब लावून मीच रिकामा केला, म्हणजे पुरावासुद्धा गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. सत्तावन्न वर्षांत एकदा पडलो – माणूस एकदा पडू शकतो. चक्कर आली असेल. रिकाम्या पोटी चहा. वय. अडीच वर्षं तर राहिली. हळू चालवीन.

आणि बोललो तर? पहिल्या दिवशी चाक जाणार. परत मिळणार नाही, ह्या वयात तर नाहीच. चाक गेलं की मी कोण? मागच्या खोलीतला डबेवाला. लोकांच्या दृष्टीने तेवढाही नाही.

मला भीती वाटते. मरायची म्हणावी तर तेवढी नाही. सकाळी पाचला उठून कुठेच जायचं नाही, त्याची.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पुलाच्या उतारावर मी मनात मोजायला लागलोय. इथे पडलो तर कठडा. इथे पडलो तर भाजीच्या गाड्या. इथे पडलो तर ठीक, चढ आहे, गाडी आपली थांबेल. सत्तावीस वर्षांत असला हिशोब केला नव्हता.

२२ ऑक्टोबर, बुधवार

एक बाई पहिल्या थांब्यावर चढते. इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. रात्रपाळी करून परतते. माझ्या मागच्या बाकावर बसते, काचेला डोकं टेकवते आणि तिसऱ्या थांब्याच्या आत झोपते. तोंड उघडं, हातातली पिशवी मांडीवर. तिचा थांबा आला की दवंडी खांद्याला हात न लावता बाकावर टकटक करतो. वर्षानुवर्षं चाललंय.

आज उतार उतरताना आरशात तिच्याकडे नजर गेली. तेवढ्यात दवंडी पुढे येऊन म्हणाला, "बघ, बघ! वळणावरही जाग नाही. दुसऱ्या गाड्यांत लोक दांडा धरून बसतात, तुझ्या गाडीत घोरतात. ह्याच्याहून मोठं सर्टिफिकेट आहे का रे?"

तो कौतुकाने बोलला.

भंगारवाल्याला न तपासलेला डबा द्यायला मी तयार नव्हतो. बिचारा पोत्यात हात घालेल म्हणून! आणि ह्या बाईला रोज सकाळी काय देतोय मी? ती तर डोळे मिटून बसलीय.

फेरी पुरी केली. गाडी डेपोत नेहमीच्या जागी लावली. हँडब्रेक दोनदा ओढला. मग सरळ साहेबांच्या खोलीत.

साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगितलं – ३२०, २७६, २७४, गळती, बल्ब. दहा मिनिटं. ते म्हणाले, "डबा भरलेला निघाला म्हणजे? कुठला डबा?" पुन्हा सांगितलं. शेवटी म्हटलं, "साहेब, मला शॉक लागलाच नव्हता. मी आपला आपण पडलो."

हे मात्र त्यांना लगेच कळलं. पेन खाली ठेवलं. म्हणाले, "दाखला फिटचा आहे तुमच्याकडे. मग हे हात दाखवून अवलक्षण कशाला?" वाईट हेतूने नाही बोलले. चांगला माणूस आहे. माझी अडीच वर्षं त्यांनाही दिसत होती.

मी म्हटलं, "गाडीत लोक झोपतात, साहेब."

किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी उचलायला थोडा वेळ लावला. दवंडी बाहेर उभा होता, त्याला सांगितलं. पहिल्यांदाच त्याने कुणाला काही सांगितलं नसावं – मी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मला कुणी काही विचारलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

काल घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती कुणाचा तरी कोट बेतत होती, ओठांत टाचण्या धरलेल्या. मी बोलत गेलो. तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. सगळ्या काढून झाल्यावर म्हणाली, "बरं केलंत."

एवढंच. मला वाटलं होतं घाबरेल, रडेल, माझ्यावर ओरडेल – पाच-सहा दिवस माहीत असून बोलला नाहीत म्हणून. मी तयारीच करून आलो होतो. ती मशीनवर बसली आणि कितीतरी वेळ शिवत राहिली.

उद्या मोठ्या इस्पितळात.

२५ ऑक्टोबर, शनिवार

छातीला तारा चिकटवून, कमरेला छोटं यंत्र बांधून एक दिवस घरी पाठवलं. दर क्षणाचा ठोका ते टिपून ठेवतं. आत काय आहे ते उघडून बघायचा फार मोह झाला. बायकोने नुसतं बघितलं माझ्याकडे. नाही उघडलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

निकाल. हृदय मधूनच थांबतं. रोज नाही, पण थांबतं. परवा दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चार सेकंद थांबलं होतं – मी तेव्हा खुर्चीत बसून पेपर वाचत होतो, मला पत्ताही नाही. उभा असतो तर पडलो असतो. चाकावर असतो तर... डॉक्टरांनी पुढचं वाक्य पुरं केलं नाही.

इलाज आहे. छातीत कातडीखाली यंत्र बसवतात, ठोका चुकला की ते देतं. पुढच्या आठवड्यात. भ्यायचं कारण नाही म्हणाले. पण प्रवाशांची गाडी नाही. आता डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचं. छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट.

घरी येऊन मागच्या खोलीत गेलो आणि रडलो. दार लावून. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.

रडून झाल्यावर चार नंबरची तार तपासली. घट्ट आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज बायको आपणहून बोलली. भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

"तुम्ही टेबलापर्यंत पोचलाच नव्हतात. मी कप हातात दिला, तुम्ही दोन पावलं टाकलीत आणि दारातच पडलात. मी बघितलं. शॉक म्हटलं ते तोंडातून निघून गेलं. मग डॉक्टरने लिहून घेतलं आणि मला मागे फिरता येईना. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं. म्हणून भंगारवाल्याला सुट्टीच्या दिवशी बोलावलं. मीटर लावल्याशिवाय तुम्ही द्यायचे नाहीत. आणि डबा भरलेला निघाला की काय ते तुम्हाला कळणारच होतं."

मी तिच्या पुढ्यातली जुडी ओढून निवडायला घेतली. ती म्हणाली, "पहिले तीन दिवस गाडी चालवलीत ते पाप माझ्या माथी. नंतरचे सहा तुमच्या."

अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं, मी डब्यांचं बोलायला लागलो की ही ऐकतच नाही.